गाडीचं प्रस्थान

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल लोक इतकं बोलतात की या गावाला हिवाळाही आहे हे बाहेरच्यांना ठाऊकच नसतं. त्यांना मी एकच सांगतो. माघातल्या पहाटे, रात्रभर उघड्यावर पडलेलं मोटारीचं लोखंडी हँडल मुठीत धरून पाहा, आणि मग नागपूर गरम की थंड ते मला सांगा. मी ते हँडल बारा हिवाळे मारलं. अंगठा कधी मोडून घेतला नाही, कारण अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलाला त्याचा वेढा घालायचा नाही, हे मी पहिल्या दिवसापासून पाळलं. इंजिन उलटं झटकलं तर हँडल सुटून जातं, अंगठा सोबत नेत नाही. माझ्या ओळखीच्या निम्म्या ड्रायव्हरांचे उजवे अंगठे वाकडे होते. माझा अजून सरळ आहे.

मी धंतोलीतल्या एका मालगुजारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे, ड्रायव्हर होतो, आणि गाडीचा मिस्त्रीही मीच. घरात थोरले मालक, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे धाकटे मालक. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या अंमलदाराकडून धाकट्या मालकांनी ती गाडी घेतली होती. लांबलचक बॉनेट, कापडी छप्पर, चार माणसं अंग चोरून बसतील एवढी जागा, आणि अगदी पुढे, रेडिएटरच्या खाली, बसवलेला हवेचा पंप. त्याचं खरं नाव सुपरचार्जर. मी त्याला भाता म्हणायचो, कारण लोहाराचा भाता जे काम कोळशावर करतो तेच हा इंजिनावर करायचा. पेट्रोल मिसळलेली हवा दाबून इंजिनाच्या पोटात कोंबायचा, आणि मग ती गाडी अशी सुटायची की सीताबर्डीच्या चौकातल्या शिपायाने हात वर करेपर्यंत आम्ही त्याच्या पाठीमागे गेलेलो असू.

पण हे सगळं तापल्यावर. थंड असताना त्या गाडीइतकी नाजूक वस्तू मी दुसरी पाहिली नाही. भात्याच्या आत पोलादाची दोन जाड पाती एकमेकांभोवती फिरत. दोघांमध्ये केसाएवढं अंतर, एकमेकांना शिवायचं नाही असा त्यांचा करार. इंजिनात एरंडेलाचं तेल, ते रात्रीच्या थंडीत काकवीसारखं घट्ट व्हायचं. घट्ट तेल जागच्या जागी पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात कुणी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला तर आत कोरडं लोखंड कोरड्या लोखंडावर घासतं. बेअरिंगं जळतात, पाती एकमेकांना धरतात, आणि मग विलायतेहून सामान येईपर्यंत गाडीवर पांघरूण घालून बसायचं.

म्हणून माझी रीत ठरलेली होती. आदल्या संध्याकाळी तेल गरम असतानाच डब्यात काढून ठेवायचं. सकाळी शेगडीवर पाण्याचं पातेलं, त्यात तो डबा. तेल पातळ झालं की इंजिनात. रेडिएटरला गरम पाणी. मग ठिणगी बंद ठेवून हँडलाचे वीस संथ फेरे, म्हणजे तेल सगळीकडे फिरेल. मग कार्बोरेटरला थोडं पेट्रोल पाजायचं, थोडंच. ठिणगी मागे ओढायची, म्हणजे ती उशिरा पडून हँडल उलटं झटकणार नाही, आणि एक झटका. इंजिन धरलं की पंधरा मिनिटं त्याला आपल्या मनाने चालू द्यायचं. आधी ते खोकतं, धूर काढतं, लंगडतं. मग एक एक सिलिंडर सुरात येतो. भात्याचा आवाज आधी खरखरीत असतो, तो हळूहळू गोल होतो. तेलाच्या दाबाचा काटा आधी वर चढून बसतो, तेल तापलं की खाली येऊन स्थिरावतो. मी रेडिएटरवर तळहात ठेवायचो. हात दहा आकडे मोजेपर्यंत ठेववत नाही अशी ऊब आली की गाडी तयार. कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलं असतं तरी मी माझ्या हातालाच विचारलं असतं.

ही अक्कल मला फुकट आली नव्हती. पहिल्या लढाईत बसऱ्याला मी लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त केल्या. परत आल्यावर सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबाकडे लागलो. त्याचीही गाडी भात्याचीच. एका थंड सकाळी साहेब आला, इंजिन सुरू होऊन एक मिनिट झालं नव्हतं, आणि त्याने पाहुण्यांसमोर पाय दाबला. मी बाजूला उभा होतो. काय होणार ते मला दिसत होतं. पण साहेबाला ‘पाय काढा’ म्हणायची माझी जीभ वळली नाही. बेअरिंग जळालं. साहेबाने सगळ्यांदेखत ते माझ्या माथ्यावर मारलं आणि मला त्याच दिवशी काढलं, शिफारशीची चिठ्ठी न देता. चिठ्ठीवाचून दुसरी नोकरी मिळायला मला आठ महिने लागले. काढल्याचा राग मला आला नाही तेवढा स्वतःच्या गप्प बसण्याचा आला. तेव्हा ठरवलं, थंड इंजिन कुणाच्या पायाखाली द्यायचं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तर चांगलंच पोळलं होतं.

धाकटे मालक माझं ऐकायचे, थोडे कुरकुरत. अडचण थोरल्या मालकांची होती. त्या घरातून कुणीही पंचांगातल्या चांगल्या घटकेशिवाय गावाबाहेर पडत नसे. थोरले मालक स्वतः पंचांग पाहायचे आणि कमरेचं चांदीचं घड्याळ हातात धरून ओसरीवर उभे राहायचे. यात मला वावगं काही वाटत नव्हतं. माझ्या घरीही लोक शुक्रवारी पश्चिमेला जात नाहीत. पण थोरल्या मालकांचा सगळा जन्म बैलांच्या दमणीत गेला होता, आणि त्यांच्या मनाने गाडी म्हणजे दमणीच.

गाडी आल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांना मुलासोबत उमरेडला जायचं होतं. घटका सात वाजून दहा मिनिटांची. मी आपल्या रीतीने पावणेसातला इंजिन सुरू केलं. थोरले मालक अंगावर शाल ओढत धावत बाहेर आले.

“बंद कर! कोणी सांगतलं तुले सुरू करायले?”

“गरम करून राहिलो जी.”

“अजून घटका नाही लागली. गाडी सुरू झाली म्हंजे निघाली. बैल जुंपला का निघाला, मंग थो दारात उभा असो का रस्त्यात.”

मी इंजिन बंद केलं. सात दहाला त्यांनी हात वर केला, मी हँडल मारलं, दोघे येऊन गाडीत बसले, आणि मी आपला रेडिएटरवर हात ठेवून उभा. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. थोरले मालक घड्याळाकडे पाहत होते. सात वीसला ते खाली उतरले.

“घटका गेली,” ते म्हणाले. “आज जाणं नाही.”

“मालक, थंडं इंजिन मी हाकत नाही.”

“नको हाकू. पण पुढच्या खेपेले घटकेवर गाडी फाटकाबाहेर नसली, त तू फाटकाबाहेर.”

हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. म्हणजे ते खरं होतं. गॅरेजच्या मागच्या खोलीत मी, माझी बायको आणि दोन मुली राहायचो. नागपुरात गाड्याच किती होत्या तेव्हा, आणि ज्याला दोन मालकांनी काढलं त्या ड्रायव्हरला तिसरा कोण ठेवणार? सुरू करायचं घटकेच्या आधी नाही, आणि निघायचं घटकेच्या नंतर नाही. मध्ये माझ्या पंधरा मिनिटांना जागाच उरत नव्हती. पुढची खेप येईपर्यंत मी हे कोडं डोक्यात घेऊन फिरलो, आणि खरं सांगतो, मला ते सुटलं नाही.

पुढची खेप लवकरच आली, आणि आली ती नेमकी मोठी. धाकट्या मालकांसाठी अमरावतीची मुलगी सांगून आली होती. बापलेक दोघांनी तिकडे जायचं, मुलगी पाहायची, पसंत पडली तर तिथेच सुपारी फोडायची. घटका सकाळी सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांची. त्या आठवड्यात अशी थंडी पडली होती की कोंढाळीकडून संत्र्यांच्या गाड्या घेऊन येणारे गाडीवान तोंडाला घोंगडी गुंडाळून बसायचे.

आदल्या दुपारी मी खोलीच्या दारात बसलो होतो. बायको सुपात ज्वारी पाखडत होती. तिचं माहेर रामटेकजवळचं, आणि तिला माझं तोंड वाचता येत होतं.

“काहून असे बसून राहिले जी?”

मी तिला सगळं सांगितलं. ती पाखडत राहिली, मग सूप खाली ठेवलं.

“मंग प्रस्थान ठेवा नं.”

“मी कुठं जाऊन राहिलो?”

“तुमचं नाही, गाडीचं. माह्या बापाले घटकेवर निघणं जमत नसलं का थो पंच्यात सुपारी, हळकुंड बांधून पाटलाच्या घरी नेऊन ठेवे. झालं, घटका साधली. मंग खुशाल जेवून निघे, नाहीतर दुसऱ्या दिवशी. तुमच्या गाडीले चाकं हायत का नाही? बंदच ढकला आणि नेऊन ठेवा समोरच्या घरी. मंग तिथं बसा तापवत.”

प्रस्थान ठेवण्याची चाल मलाही ठाऊक होती, थोरल्या मालकांनाही होती, आख्ख्या नागपूरला होती. पण इंजिन आणि सुपारी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एका खोलीत कधी बसल्या नव्हत्या. पुढे गावात लोकांनी या युक्तीबद्दल माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली. आज लिहायला बसलोच आहे तर खरं लिहितो, डोकं तिचं होतं.

मालकांना मी आधी विचारलं नाही. आधी विचारलं की माणसाला रात्रभर नाही म्हणायला वेळ मिळतो. फक्त रस्त्यापलीकडच्या वकिलांना भेटून बायकोची युक्ती सांगितली. त्यांचं आवार मोठं, फाटक रुंद, आणि माणूस हौशी. ते म्हणाले, “आण बाप्पा, माह्या अंगणात आजवर कोणी मोटारचं प्रस्थान ठेवलं नाही.”

सकाळी साडेसहाला थोरले मालक रेशमी फेटा बांधून ओसरीवर आले. गाडी फाटकाच्या आत उभी, इंजिन गार. मी पुढे होऊन हात जोडले.

“मालक, एका पंच्यात सुपारी-नारळ बांधून द्या, गाडीत ठेवतो. घटका लागली का गाडी बंदच फाटकाबाहेर जाते, वकिलांच्या घरी. प्रस्थान ठेवून राहिलो जी. मंग तिथून निघायले उशीर झाला तरी शास्त्राले चालते, तुमीच सांगा.”

थोरल्या मालकांना त्यांच्याच शास्त्राने धरलं होतं, आणि तो माणूस शास्त्राशी खोटं बोलणारा नव्हता. ते आत गेले, पंच्यात नारळ, सुपारी आणि हळदीच्या अक्षता बांधून आले, आणि स्वतःच्या हाताने ते गाठोडं मागच्या सीटवर ठेवलं. मग घड्याळ काढलं. चौकीदार, माळी, दमणी हाकणारा गडी आणि मी, आम्ही चौघांनी गाडीला खांदा लावला. धाकटे मालक स्टीअरिंगवर.

“लागली,” थोरले मालक म्हणाले.

आम्ही ढकललं. फाटकाच्या उंबऱ्यावर क्षणभर चाकं अडली, मग गाडी अलगद पलीकडे गेली. पाठीमागून माझी बायको जळती शेगडी घेऊन रस्ता ओलांडत होती आणि तिच्या मागे थोरले मालक, घड्याळ अजून हातात. धंतोलीत एवढ्या सकाळी अशी मिरवणूक कुणी पाहिली नव्हती. दूधवाला कॅन खाली ठेवून उभा राहिला.

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं झालं, आणि तिथेच माझा घात झाला. आनंदाच्या भरात मी कार्बोरेटरला पेट्रोल जास्त पाजलं. बारा वर्षांत ही चूक मी एकदाच केली, आणि ती त्या सकाळी. हँडल मारलं, काही नाही. पुन्हा मारलं. दहा वेळा मारलं. इंजिन नुसतं ओलं ओलं ढेकर देत होतं आणि अंगणभर पेट्रोलचा वास. वकील शालीत गुंडाळून पायरीवर बसले होते. थोरले मालक शांतपणे म्हणाले,

“प्रस्थान चार दिवस चालते. तुले पुरतीन काय?”

वकील हसले, दूधवाला हसला. मी हसलो नाही. चारही प्लग काढले. पेट्रोलने भिजून चिंब. बायकोने न सांगता घरून तवा आणला. ते प्लग फडक्याने पुसून तव्यावर ठेवले आणि तवा शेगडीवर. सात वाजून गेले होते. भाकरीसारखे उलटसुलट करून ते तापवले, पोळणाऱ्या बोटांनी परत बसवले, ठिणगी मागे ओढली, आणि दुसऱ्या झटक्याला इंजिन धरलं. आधी दोन सिलिंडर, मग तिसरा, मग खोकत खोकत चौथा. भाता खरखरू लागला. मी रेडिएटरवर हात ठेवला. मघाशी ओतलेलं गरम पाणी पार गार झालं होतं, नुसता बर्फ. पंधरा मिनिटं आता खरी सुरू होत होती.

पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते उगाच नाही. धाकटे मालक इतका वेळ रुमालाने हात पुसत फेऱ्या मारत होते. इंजिन लागलेलं ऐकलं आणि ते उडी मारून स्टीअरिंगवर बसले. वकिलांच्या घरच्या बायका खिडकीत आल्या होत्या. धाकट्या मालकांनी वकिलांकडे पाहून हात हलवला आणि पाय दाबला.

त्या थंड इंजिनाने जी किंकाळी फोडली ती मला ओळखीची होती. सिव्हिल लाइन्समध्ये ऐकलेली.

“पाय काढा!”

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. धाकटे मालक चमकून माझ्याकडे पाहू लागले, पण पाय तिथेच.

“काढा म्हणतो नं पाय! नोकरीवर ठेवायचं का नाही ते मागून ठरवा. पण माह्यासमोर ही गाडी थंडी असता मारू देणार नाही!”

पाय निघाला. इंजिन पुन्हा खोकत आपल्या चालीवर आलं. मालगुजाराच्या मुलावर त्याचा ड्रायव्हर शेजाऱ्यांसमोर ओरडला होता. धाकट्या मालकांचा चेहरा लाल झाला होता. बायको शेगडीजवळ उभी होती, तिने पदर तोंडाशी धरला होता. पण मी मागे सरलो नाही.

थोरले मालक दोन पावलं पुढे आले.

“काय होते पाय दिला त?”

त्यांना पाती, बेअरिंग, तेल यातलं काय सांगणार? पण एक गोष्ट मी रोज पाहत होतो. हिवाळ्यात थोरल्या मालकांचे गुडघे धरायचे. सकाळी त्यांना उन्हात बसवून गडी अर्धा तास तिळाचं तेल चोळायचा, तेव्हा कुठे ते जिना चढायचे.

“मालक,” मी म्हणालो, “तुमाले सकाळी उठल्या उठल्या, तेल चोळायच्या आधी, कोणी जिन्यावर पळवलं त काय होते?”

वाटलं, आता संपलं. मालकाच्या गुडघ्यावर बोलणं म्हणजे ओरडण्याहून वाईट. मग ते मुलाकडे वळले.

“उतर खाली.”

“बाबा, मुहूर्त...”

“मुहूर्त साधला हाय. उतर. थो म्हणते तवा निघू.”

धाकटे मालक उतरले. थोरले मालक गाडीजवळ आले आणि त्यांनी आपले दोन्ही तळहात बॉनेटवर ठेवले. खाली भाता घरघरत होता. पंधरा मिनिटं ते तसेच उभे राहिले, थंडीत कुणी शेगडीशी उभं राहावं तसे. मध्येच एकदा म्हणाले, “ऊन लागून राहिली.” मी रेडिएटरवर दहापर्यंत मोजलं, हात राहिला नाही, मी मान हलवली. मग त्यांनी घड्याळ कमरेला लावलं आणि गाडीत बसले.

अमरावतीला आम्ही अकराच्या आत पोचलो. तापल्यावर त्या गाडीपुढे कोण टिकणार! मुलगी पसंत पडली, सुपारी फुटली. परत येताना धाकटे मालक माझ्याशी कोंढाळीपर्यंत बोलले नाहीत. कोंढाळीला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी माझ्या पेल्यात स्वतः चहा ओतला आणि म्हणाले, “ओरडतो मोठा तू.” तेवढ्यावर ते मिटलं. माझी नोकरी शाबूत होती.

त्यानंतर दर हिवाळ्यात त्या घरून जाणं म्हणजे आधी गाडीचं प्रस्थान. वकिलांच्या अंगणात एरंडेलाच्या धुराचा वास कायमचा बसला. धंतोलीतले लोक त्या मिरवणुकीवर आपली घड्याळं लावायचे असं वकील म्हणत, पण वकिलांचं किती मानायचं ते तुम्हीच ठरवा. थोरल्या मालकांनी मला कधी शाबासकी दिली नाही. फक्त निघायच्या आधी बॉनेटवर हात ठेवून विचारायचे, “झाली काय?” आणि मी नाही म्हटलं की उभे राहायचे. ज्या माणसासाठी कलेक्टरच्या कचेरीतले कारकून उभे राहत, तो माझ्या एका ‘नाही’साठी थंडीत उभा राहायचा. याचा मला गर्व होता. अजून आहे.

मग दुसरी लढाई लागली. पेट्रोल कुपनावर मिळू लागलं, गाडी बहुतेक झाकूनच राहायची. थोरले मालक ऐंशीच्या घरात पोचले होते. त्यांनी काशीला जाऊन राहायचं मनाशी धरलं. रेल्वे काही पंचांग पाहून सुटत नाही, तेव्हा आदल्या दिवशी चांगल्या घटकेवर प्रस्थान ठेवायचं आणि दुसऱ्या सकाळी ते उचलून स्टेशनवर जायचं असं ठरलं.

प्रस्थान कुणाच्याही घरी ठेवत नाहीत. मानाचं घर पाहतात. त्या घराण्याचं प्रस्थान वकिलांकडे, नाहीतर देवळात. आमची खोली फाटकाला लागून, वेगळ्या दाराची, म्हणजे शास्त्राला वेगळं घर, पण आमच्या घरचं पाणी त्या बंगल्यातलं कुणी कधी प्यायलं नव्हतं, आणि आम्हीही कधी पुढे केलं नव्हतं. तशी रीतच होती. त्या दुपारी मी गाडीचं तेल पाहत होतो. थोरले मालक काठी टेकत फाटकाकडे निघालेले दिसले, बगलेत पंच्याचं गाठोडं. मला वाटलं वकिलांकडे निघाले. ते फाटकाशी वळले आणि आमच्या दारात उभे राहिले. घड्याळ काढून पाहिलं, थोडं थांबले, मग उंबरा ओलांडून आत आले.

बायको गडबडून उठली. “मालक, इथं कुठं जी?”

“प्रस्थान ठेवतो. जागा दाखव वं.”

आमच्या खोलीत मानाची जागा म्हणजे देवाचा कोनाडा. तिने देव एका बाजूला सरकवले आणि थोरल्या मालकांनी ते गाठोडं तिथे ठेवलं. मी दारात तेलकट हात घेऊन उभा होतो.

“मालक, वकिलांकडे...”

“तुह्याच बायकोनं शिकवलं नं हे?” ते म्हणाले. “मले त्याच वर्षी माहीत पडलं होतं. वकिलाच्या पोटात काय राहते?”

दुसऱ्या सकाळी स्टेशनपर्यंत जायला साठवलेलं पेट्रोल काढलं. बंगला ते स्टेशन, गाडी तापायला लागतो त्याच्या अर्धाही वेळ लागत नाही. धाकटे मालक म्हणाले, टांगा बोलावतो. थोरले मालक नाही म्हणाले. मी इंजिन सुरू केलं. ते प्रस्थान उचलायला आमच्या खोलीत आले, पण उचलून लगेच निघाले नाहीत. बाजेवर बसले. बायकोने धीर करून चहा पुढे केला. बाहेर मी रेडिएटरवर हात ठेवून उभा होतो आणि दारातून मला ते दिसत होते, गाठोडं मांडीवर, कप दोन्ही हातांत. मला रडू आलं. धूर डोळ्यांत गेला असं मी चौकीदाराला सांगितलं. पंधरा मिनिटं झाली तेव्हा मी आत डोकावून म्हणालो, “झाली जी.” ते म्हणाले, “होऊ दे अजून थोडी,” आणि कप पुन्हा पुढे केला.

सहा महिन्यांनी काशीहून तार आली. बंगल्यात माणसं जमली. तेराव्याला आलेले पाहुणे सांगत होते, केवढा भाग्यवान माणूस, पूर्वजांच्या वास्तूतून निघाला तो थेट गंगेकाठी पोचला. मी सतरंज्या अंथरत फिरत होतो. बायकोने तेवढं माझ्याकडे पाहिलं. शास्त्राप्रमाणे ते आमच्या घरून निघाले होते.